घाटाच्या अलीकडे थांबवलेली साखरेची गाडी : एका ओव्हरलोड प्रकरणाचा अभ्यास

मी निपाणीत गाडीमालकांचे परवाने, पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याची सरकारी तपासणी), विमा आणि चलनांची कामं पाहतो. हे प्रकरण त्या कामातून माझ्यापर्यंत आलं. मालक, चालक आणि तपासणी पथकातला एक पोलीस कर्मचारी अशा तिघांशी सविस्तर बोलून, काट्याच्या पावत्या आणि नोटीस समोर ठेवून ते मांडलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाड्या अडवणं म्हणजे निव्वळ वसुली असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. या प्रकरणात अडवणाऱ्याने काय काय विचार केला हे गाडीमालकांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिलं.

पार्श्वभूमी

निपाणी-संकेश्वर-हुक्केरी हा पट्टा ऊस आणि साखरेवर चालतो. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चच्या सुमारास आटोपतं, साखरेच्या गाड्या मात्र वर्षभर हलत असतात. कोणत्या कारखान्याने किती साखर विकायची याचा कोटा २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला ठरवून देतं. त्यामुळे महिना संपत आला की गोदामांपुढे गाड्यांची रांग लागते. व्यापाऱ्याला माल हवा असतो, कारखान्याला कोटा संपवायचा असतो आणि रांगेत रात्र काढलेल्या चालकाला एकदाचं भरून निघायचं असतं. साखरेच्या गाड्यांची ओव्हरलोड प्रकरणं माझ्याकडे बहुतेक महिनाअखेरीलाच येतात, ती याच कारणाने.

मालक निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातले. दोन दहाचाकी ट्रक, दोन्ही कर्जावर. एक ते स्वतः पाहतात, दुसरा पन्नाशी ओलांडलेल्या चालकाकडे आहे. मालक त्यांना मामा म्हणतात, मीही इथे तसंच म्हणेन. भाडं टनावर ठरतं. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने २२ टनांचा एक लॉट घेतला होता, म्हणजे ५० किलोची ४४० पोती. नियमात बसेल एवढाच माल भरला असता तर जेमतेम साडेतीन टन दुसऱ्या गाडीत गेला असता, आणि तेवढ्या भाड्यात तिचं डिझेलही निघालं नसतं. म्हणून सगळी पोती एकाच गाडीत चढली. यात लपवाछपवी काहीच नव्हती. बिल, बिल्टी (वाहतुकीची पावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचं बिल), सगळीकडे ४४० हाच आकडा होता.

आता नियम. तीन एक्सलच्या (एक्सल म्हणजे चाकं जोडणारा आस) दहाचाकी ट्रकला मालासकट २८.५ टनांची मर्यादा आहे. जुलै २०१८च्या अधिसूचनेआधी ती २५ टन होती. या २८.५ टनांतले ७.५ टन पुढच्या एक्सलचे आणि २१ टन मागच्या दोन्ही एक्सलचे मिळून. मालकांच्या डोक्यात एकूण वजन पक्कं असतं, एक्सलचं वजन सहसा कुणी विचारतच नाही. या प्रकरणाची अर्धी गुंतागुंत तिथेच होती.

आर.सी.वर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, गाडीचं रिकामं वजन ९,४०० किलो. २८,५०० मधून ते वजा केलं की १९,१०० उरतात, म्हणजे ३८० पोती सहज बसतात असा मालकांचा कायमचा हिशेब. प्रत्यक्षात दोन ताडपत्र्या, दोरखंड, साखळ्या, जॅक, जादा स्टेपनी, पाण्याचं पिंप, भरलेली डिझेलची टाकी आणि दोन माणसं धरून ती रिकामी गाडी काट्यावर ९,९०० भरत होती. पाचशे किलोंचा हा फरक म्हणजे दहा पोती.

त्या संध्याकाळी काय घडलं

जुलैचा शेवटचा आठवडा, दिवसभर झड लागलेली. गाडी गोकाकच्या बाजूने हुक्केरीमार्गे संकेश्वरला येऊन पुणे-बंगळूर महामार्गाला लागली. संकेश्वर मागे पडल्यावर, तवंदी घाट लागायच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत परिवहन खात्याचं पथक पोलिसांसह उभं होतं. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. निपाणीकडे जाणाऱ्या गाडीला इथून पुढे उतार आणि वळणं लागतात, आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक या घाटात गेला तर काय होतं हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

पथकाच्या इन्स्पेक्टरांनी गाडी बाजूला घेतली ती मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पाहून. कमान पार सपाट झालेली, टायर बसलेले. बिलावर ४४० पोती पाहून त्यांनी तिथल्या तिथे बेरीज केली. २२ टन माल आणि आर.सी.वरचे ९.४ टन म्हणजे ३१.४. कागदावरच जवळपास तीन टन जास्त.

पण वजनाकडे जाण्याआधी त्यांनी गाडी तपासायला घेतली. चाकांना दगड लावले, हवेचा दाब पूर्ण भरू दिला, इंजिन बंद करून मामांना ब्रेकवर पाय दाबून धरायला सांगितला आणि स्वतः खाली वाकले. मागच्या एका चाकाजवळ हवा निसटल्याचा बारीक आवाज येत होता. त्याच चाकाची ब्रेक चेंबरची (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याची) दांडी प्रमाणाबाहेर लांब येत होती, म्हणजे तिची लांबी जुळवणारा भाग, स्लॅक अॅडजस्टर, ढिला. शेजारच्या चाकाचा ड्रम इतका तापलेला होता की जवळ हात नेववत नव्हता. एक चाक ब्रेकचं काम करत नव्हतं, त्याचा वाटा बाकीची चाकं उचलत होती. शिवाय डावा टेललाइट बंद, मागची रिफ्लेक्टर पट्टी चिखलाने आणि घासून नाहीशी झालेली. टायर रिमोल्डचे (जुन्यावर नवं रबर चढवलेले) होते, पण नक्षी १.६ मिलिमीटरच्या किमान खोलीपेक्षा बरीच वर होती. पासिंगची मुदत शिल्लक होती, पीयूसी आणि विमाही चालू.

मामा म्हणाले, "साहेब, ब्रेक लागतोय की ओ. आत्ता संकेश्वरात थांबलोय की नाही बघा." ते खोटं बोलत नव्हते. सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर तो ब्रेक लागतच होता. अडचण तापल्यावर येते. ड्रम तापला की फुगतो, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर) त्याच्यापर्यंत पोचायला दांडीला आणखी पुढे जावं लागतं. दांडी आधीच शेवटाला आलेली असेल तर पुढे जायला जागाच उरत नाही. पाय पूर्ण दाबलेला असतो, हवेचा काटाही बरोबर असतो, आणि गाडी थांबत नाही. गावातल्या गावात नीट लागणारा ब्रेक घाटात दगा देतो तो असा.

खरी अडचण

नुसतं वजन जास्त असतं तर प्रकरण सोपं होतं. नुसता ब्रेक ढिला असता तरीही सोपं होतं. दोन्ही एकत्र आल्यामुळे इन्स्पेक्टरांपुढे पेच उभा राहिला. पथकाकडे चाकाखाली ठेवायचे वजनपॅड नव्हते, म्हणून गाडी भुईकाट्यावर नेणं भाग होतं. पुढच्या वाटेवरचा सोयीचा काटा निपाणीत, म्हणजे घाट उतरल्यावर. मागचा काटा संकेश्वरच्या बाजूला.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११४ सांगतं की गाडीत मर्यादेपेक्षा जास्त वजन असल्याचा सबळ संशय असेल तर अधिकारी चालकाला वजन करायला सांगू शकतो, आणि काटा पुढच्या मार्गावरच्या कोणत्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या जागेपासून २० किलोमीटरच्या आत असायला हवा. इथले बरेच चालक याचा अर्थ "गाडी मागे फिरवता येत नाही" असा घेतात. मालकांनीही फोनवर तोच मुद्दा काढला. पण गाडी ज्या जागी उभी आहे तीही पुढच्या मार्गावरची पहिली जागाच आहे. तिथून १० किलोमीटरच्या आत काटा असेल तर तो मागच्या बाजूला असला म्हणून कायद्याबाहेर जात नाही. मला तरी हा अर्थ पटतो, आणि घाटाच्या तोंडावर दुसरा कोणता अर्थ लावणं धोक्याचं आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या ओळखीचा. दंड भरून घ्यायचा आणि गाडी सोडायची. मालकांनी फोनवर हेच मागितलं. "पावती फाडा साहेब, कोल्हापुरात उतरवतोच की सगळं." कायदा याला वाव ठेवत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. त्याआधी हेच आकडे २,००० आणि १,००० होते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट त्याच कलमात पुढे आहे. जादा माल उतरल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात हेच स्पष्ट केलं होतं की दंड भरला म्हणून जादा माल पुढे नेण्याची मुभा मिळत नाही. तरीही "पावती म्हणजे पास" ही समजूत आपल्या भागात घट्ट बसलेली आहे. दर महिन्याला दंड हा डिझेलसारखाच खर्च म्हणून वहीत लिहिणारे मालक माझ्याकडे येतात, आणि त्यांना हे समजावताना मला फार कष्ट पडतात.

दुसरा पर्याय निपाणीच्या काट्यावर नेण्याचा. कागदोपत्री सगळ्यात सरळ, कारण तो पुढच्याच वाटेवर. मालकांचं घर जवळ, हमाल ओळखीचे, माल ठेवायला जागा. पण त्यासाठी ३२ टनांच्या घरातली, एका चाकाचा ब्रेक गेलेली गाडी पावसात घाटातून खाली न्यावी लागली असती. ती जादा भरली आहे हे सिद्ध करण्यासाठी तिला त्याच अवस्थेत घाटात घालायचं, हे इन्स्पेक्टरांनी साफ नाकारलं. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात मोलाचा वाटलेला निर्णय हा. तिथे निपाणी म्हटलं असतं तर कुणीही बोट दाखवलं नसतं.

तिसरा पर्याय वजन न करता बिलावरच्या आकड्यावरून चलन करण्याचा. आकडा तर समोर होताच. पण पोत्यांची संख्या म्हणजे वजन नव्हे, आणि न तोललेल्या वजनावरचं चलन न्यायालयात टिकेलच असं नाही. मुख्य म्हणजे एक्सलवर किती भार आहे हे बिल कधीच सांगत नाही.

चौथा, गाडी आहे तिथेच रिकामी करण्याचा. साखर आणि पाऊस. उघड्यावर उतरवलेल्या पोत्यांचं रात्रीत पाणी झालं असतं. कायदा म्हणतो माल चालकाच्या जबाबदारीवर उतरवायचा, आणि तो अधिकार अधिकाऱ्याकडे होता. त्यांनी तो वापरला नाही.

उरला पाचवा, संकेश्वरच्या बाजूला मागे फिरण्याचा. रस्ता सपाट, काटा १० किलोमीटरच्या आत, काट्यालगत पत्र्याची शेड. अडचण एकच. ब्रेक आहे त्याच स्थितीत तेवढंही अंतर जायचं का?

दरम्यान क्लीनरने मामांना सुचवलं की साहेब दुसऱ्या गाडीकडे वळले की निघूया. मामांनी त्याला गप्प केलं. वजन करायला नकार देऊन गाडी पळवली तर त्याचा वेगळा ४०,००० रुपये दंड आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते मला म्हणाले की त्यांच्या मनात दंड नव्हता. तापलेल्या ड्रमचा वास त्यांना हुक्केरीपासूनच येत होता.

काय केलं गेलं

आधी गाडी तशीच उभी ठेवून ड्रम निवू दिले. मामांनी स्वतः पाना लावून ढिला स्लॅक अॅडजस्टर आवळला. हे काम जुन्या चालकांना येतं. पुन्हा ब्रेक दाबून दांडी किती येते ते खडूने खूण करून पाहिलं. मग पोलीस जीप पुढे ठेवून, भुयारी मार्गातून वळून, सर्व्हिस रोडने सावकाश गाडी काट्यावर आणली.

नोटीस कन्नडमध्ये होती. मामांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. इन्स्पेक्टर कन्नडभाषक, मराठी समजणारे. सही करण्याआधी पोलीस कर्मचाऱ्याने नोटीसीतली प्रत्येक ओळ मामांना मराठीत सांगितली आणि तसं झाल्याची नोंद मागच्या बाजूला केली. यात पाच मिनिटं गेली असतील. "मला काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं" अशी तक्रार घेऊन नंतर माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या पाहता ती पाच मिनिटं सत्कारणी लागली असं मी म्हणेन.

काट्यावर आधी वैधमापन खात्याचं प्रमाणपत्र चालू आहे का ते पाहिलं, मग तीन वजनं घेतली. पूर्ण गाडी ३१,९६० किलो. फक्त पुढचा एक्सल ६,९००. फक्त मागचे दोन २५,०६०.

एकूण वजन ३,४६० किलोंनी जास्त, म्हणजे सुमारे १२ टक्के. मागच्या एक्सलवर मात्र ४,०६० किलो जास्त, म्हणजे १९ टक्क्यांच्या वर. आणि पुढचा एक्सल ६०० किलोंनी हलका. पोती मागच्या बाजूला रचली गेली होती, कारण भरताना फाळका (उघडणारी फळी) मागचा उघडला होता आणि रांगेतली पुढची गाडी हॉर्न मारत होती. रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं हा रस्तेबांधणीतला जुना ठोकताळा आहे. तो लावला तर १९ टक्के जादा भाराने रस्त्याची झीज जवळपास दुप्पट होते. पावसाळ्यात इथले रस्ते का उखडतात याचं सगळं उत्तर ठेकेदारात शोधू नये.

कोणती पोती उतरवायची

इथे एक बारकावा आहे, आणि तो मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण जादा माल उतरवताना बहुतेक ठिकाणी याचा विचारच होत नाही.

३,४६० किलो म्हणजे ७० पोती. हमाल आले. गाडी शेडकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे पुढचा भाग पत्र्याखाली आणि मागचा भाग पावसात. साहजिकच त्यांनी पुढच्या बाजूची ताडपत्री सोडायला घेतली. इन्स्पेक्टरांनी थांबवलं. पुढची ७० पोती काढली असती तर एकूण वजन २८.५ टनांत बसलं असतं, पण मागच्या एक्सलवरचा भार थोडाच कमी झाला असता. तो २१ टनांच्या वरच राहिला असता आणि पुढचं टोक आणखी हलकं झालं असतं. काट्याची पावती बरोबर आणि गाडी आधीपेक्षा वाईट. पुढची चाकं हलकी म्हणजे ओल्या वळणावर स्टेअरिंगची पकड कमी.

मागच्या एक्सलच्या पलीकडे जो माल असतो तो मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनाहून जास्त भार टाकतो, कारण तो गाडीचं पुढचं टोक उचलायला पाहतो. तिथली पोती काढली की मागचा भार काढलेल्या वजनापेक्षा जास्त उतरतो आणि पुढचा तेवढाच वाढतो. म्हणून गाडी बाहेर काढून उलटी आत घेतली, मागचा फाळका पत्र्याखाली आला आणि तिथूनच पोती काढली. थोडी सूट ठेवायची म्हणून ७० ऐवजी ७५.

पुन्हा वजन केलं. एकूण २८,२००, पुढे ७,४४०, मागे २०,७६०. तिन्ही आकडे मर्यादेत. पुढचा भार एकही पोतं न चढवता ५४० किलोंनी वाढलेला पाहून मालक, जे तोवर निपाणीहून येऊन पोचले होते, पावतीकडे बराच वेळ पाहत राहिले.

उतरलेल्या ७५ पोत्यांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. मालकांनी ओळखीच्या दोन पिकअप बोलावतो म्हटलं. पावणेचार टन माल, दीड-दीड टन उचलणाऱ्या दोन पिकअप. त्याही ओव्हरलोडच झाल्या असत्या, आणि त्याही घाटातून खाली. इन्स्पेक्टरांनी नकार दिल्यावर मालक चिडले, तो प्रसंग थोडा वाढलाही. शेवटी निपाणीहून पाच टनी आयशर ठरली.

त्यात ई-वे बिलाची अडचण आली. माल दोन गाड्यांत विभागला की पोर्टलवर बहुवाहन पर्याय घेऊन दोन्ही गाड्यांचे क्रमांक भरावे लागतात. ते न करता आयशर निघाली असती तर जीएसटी पथकाने ती पुढे अडवली असती. व्यापाऱ्याच्या दिवाणजीने रात्री फोन उचलला नाही. बिलाची मुदत शिल्लक होती, म्हणून निभावलं. सकाळी ते क्रमांक भरले गेले. तोवर मेकॅनिकने स्लॅक अॅडजस्टर बदलला, हवेची गळती बंद केली, सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे केले, टेललाइट आणि रिफ्लेक्टर पट्टी लावली.

निष्पत्ती

दोन्ही गाड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोल्हापुरात पोचल्या. कायद्यातल्या आकड्यांवर दंडाचा हिशेब २६ ते २८ हजारांच्या घरात जातो. त्यावर हमाली, शेडचं भाडं, आयशरचं भाडं आणि मेकॅनिक. जादा साडेतीन टनांचं भाडं या खर्चापुढे किरकोळ होतं. काही पोत्यांना ओल लागली, ती व्यापाऱ्याने भाड्यातून कापून घेतली.

मामांची भीती वेगळी होती. दंड आपल्या पगारातून कापतील असं त्यांना वाटत होतं. मालकांनी पहिल्या रागात तसं म्हटलंही होतं. मी त्यांना कलम ११३ दाखवलं. गाडी चालवणारा मालक नसेल तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. शिवाय २२ टनांचा लॉट मामांनी घेतलेला नव्हता. दंड मालकांनी भरला. पुढच्या महिन्यापासून गाडीत किती पोती भरायची हा आकडा, ३६५, मालकांनी लेखी देऊन ठेवला आहे. त्याहून जास्त भरायला कुणी सांगितलं तर मामांनी थेट फोन करायचा.

त्या व्यापाऱ्याने पुढचा लॉट दुसऱ्या मालकाच्या गाडीला दिला. ती गाडी ४४० पोती घेऊन गेली. हे मला सांगताना मालकांचा आवाज चढला होता, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. नियम पाळणाऱ्याचं भाडं जात असेल तर नुसत्या रस्त्यावरच्या तपासणीने काम भागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणातला सर्वात बोलका कागद मामांच्या खिशात पहिल्यापासून होता. कारखान्याच्या गेटवरची काटा पावती. रिकामी गाडी ९,९००, भरलेली ३१,९८०. रस्त्यावरच्या काट्याशी फक्त २० किलोंचा फरक. म्हणजे गाडी जास्त भरली आहे हे गेटवरच्या काट्याला संध्याकाळच्या कितीतरी आधी कळलं होतं. त्या काट्याचं काम माल किती गेला एवढंच मोजणं, गाडी किती नेऊ शकते हे पाहणं त्याच्याकडे नव्हतं. कलम १९४ जो गाडी चालवतो त्याच्याबरोबरच जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही लागू आहे. पथकाने गेट पावती जप्त केली, पण माल भरणाऱ्यावर कारवाई केली नाही. माझ्या मते तिथे एक संधी गेली. गेट पावतीवर आर.सी.वरच्या मर्यादेचा एक रकाना वाढवला आणि ती ओलांडली तर पावतीच निघणार नाही अशी सोय केली, तर निम्म्याहून अधिक गाड्या रस्त्यावर यायच्या आधीच सुधारतील. त्याला संगणकातल्या एका बदलापलीकडे खर्च नाही.

मालकांच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या. रिकाम्या गाडीचं खरं वजन कधी काट्यावर पाहिलं नव्हतं, आर.सी.वरच्या आकड्यावर विश्वास ठेवला. आणि पासिंग झालं म्हणजे ब्रेक ठीक असं धरून चालले. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला पासिंग दोन वर्षांनी एकदा लागतं. स्लॅक अॅडजस्टर ढिला व्हायला घाटातल्या काही फेऱ्या पुरतात. भरून निघण्याआधी इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि क्लीनरने प्रत्येक चाकाजवळ कान द्यायचा, एवढं केलं असतं तर ती गळती गोदामातच कळली असती.

पथकाच्या बाजूने, मागचे टायर आणि पाटे पाहून गाडी ओळखणारा अनुभवी माणूस होता म्हणून हे निभावलं. त्यांच्याकडे वजनपॅड असते तर गाडी मागे नेण्याचा प्रश्नच आला नसता, आणि एक्सलचा भार जागेवरच कळला असता. उतरवलेला माल ठेवायला झाकलेली जागाही सरकारी नव्हती. काटेवाल्याने शेड दिली नसती तर साखर पावसातच राहिली असती.

या अनुभवानंतर मी आणि काही मालकांनी मिळून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज दिला आहे. त्यात घाटाच्या वरच्या बाजूला, उतार लागायच्या आधी, एक्सलनिहाय वजन घेणारा काटा, माल उतरवायला पत्र्याची शेड आणि ड्रम निवेपर्यंत गाडी उभी करता येईल एवढी सपाट जागा मागितली आहे. नोटीस कन्नडबरोबर मराठीतही द्यावी असंही लिहिलं आहे. आणि महिनाअखेरच्या आठवड्यात तपासणीचं पहिलं पथक महामार्गावर न ठेवता कारखान्यांच्या गेटबाहेर ठेवावं, ही मागणी अर्जात सर्वात वर आहे.